डाव्या हाताचा अंगठा

"हेल्मेट काढ," अण्णा म्हणाले.

मी काढलं. लगेच काढलं. कशाला, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीची नवी इमारत उभी राहत होती. खाली गोदाम, वर तीन मजल्यांवर बियाणं निवडायच्या मशिनी बसणार होत्या. अण्णा म्हणजे आमचे ठेकेदार. गावात मोठी जमीन, चार पिढ्यांचा मान, आता शहरात बांधकामाचा धंदा. त्या दिवशी ते कंपनीच्या पाहुण्यांना काम दाखवत होते. पाहुणे होते पाच आणि कपाटातून निघालेली पांढरी हेल्मेटं चार. साइटवर रंगाची रीत असते. मजुरांना पिवळं, साहेब लोकांना पांढरं. पाचवं पांढरं माझ्या डोक्यावर होतं, कारण मी तिथला सेफ्टी ऑफिसर होतो. मजूर पडू नये, मरू नये, त्याचे हातपाय शाबूत राहावेत, एवढं बघण्यासाठी मला ठेवलं होतं.

अण्णांनी हेल्मेट उलटं करून आत बघितलं. आतला पट्टा माझ्या घामानं ओला होता. त्यांनी ते दोन बोटांत धरलं आणि भिंतींवर पाणी मारणाऱ्या कडूबाईला हाक मारली.

"साबण लावून धुऊन आण. आतून बराबर घास. पाहुण्यांच्या डोक्यावर जायचंय."

मग माझ्याकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "तुम्हाला काय साहेब, पिवळं चालतंय. तुमच्या बापानं तर तेबी कधी घातलं न्हाई."

पाहुणे हसले. मुकादम हसला. मीही हसलो.

माझा बाप विहिरी खोदायचा. वडीगोद्रीच्या आसपासच्या कितीतरी विहिरींत त्याचा घाम गेलाय. एका विहिरीत तो तळाशी असताना वरून दगडांची पाटी सुटली. डोकं उघडं होतं. मी तेव्हा दुसरीत होतो. ही गोष्ट अण्णांना मीच सांगितली होती, नोकरीच्या मुलाखतीत. सेफ्टीचाच कोर्स का केलास, असं त्यांनी विचारलं होतं आणि मी मन मोकळं केलं होतं. ते त्यांनी जपून ठेवलं आणि पाहुण्यांसमोर काढलं. आणि माझ्या बापाच्या फुटलेल्या डोक्यावर मी सगळ्यांबरोबर दात काढले.

कडूबाई मात्र हसली नाही. हौदापाशी बसून ती हेल्मेट घासत होती. धुतलेलं हेल्मेट तिनं पदरानं पुसलं, अण्णांच्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

कडूबाई जाफराबादकडची. नवरा वारलेला. साइटच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायची. मी कामावर आलो त्या पहिल्याच दिवशी जवळ येऊन हळू आवाजात "जयभीम सर" म्हणाली होती आणि मीही तेवढ्याच हळू आवाजात जयभीम घातला होता. नंतर कळलं, ती बाकीच्या बायांना सांगत फिरली होती की, नवे साहेब आपले हायेत, आता आपल्याला कोणी मरू द्यायचं न्हाई.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी काम बंद पाडलं होतं, त्याचा अण्णांना हा राग. दुसऱ्या मजल्याच्या कडेला कठडा नव्हता, आणि तिथे माणसं उभी राहून विटा वर घेत होती. मी म्हणालो, आधी बांबू बांधा, मग काम. तीन तास काम थांबलं. अण्णा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेल्मेट काढून घेतलं.

त्याआधीचे दोन महिने मी खरंच राबलो होतो. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा करायचो. दहा मिनिटं. उंचावर पट्टा कसा बांधायचा, शिडी कशी टेकवायची, उघड्या वायरीला का हात लावायचा नाही. माणसं आधी कंटाळायची, मग ऐकायला लागली. त्यातली एक गोष्ट तर त्यांच्या अंगवळणीच पडली. बियाणं वाहून नेणारा मशिनीचा पट्टा खालून वर जावा म्हणून प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये चौकोनी भोकं सोडली होती. एकाच्या खाली एक. माणूस सहज जाईल एवढी मोठी. ती झाकायला मी प्लाय ठोकून घेतल्या आणि प्रत्येक प्लायवर लाल रंग मारला. वाचता येणारे थोडे, म्हणून पाटी लिहिली नाही. सरळ नियम केला. लाल प्लायला हात लावायचा नाही, लाल प्लायखाली मरण आहे. बाया एकमेकींना सांगायच्या, "लाल हाय गं ती, सोड."

मला त्या नियमाचा फार अभिमान होता. घरी आईलासुद्धा सांगितला होता.

हेल्मेटच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला ऑफिसात बोलावलं. आवाज मऊ होता. म्हणाले, तू शिकलेला माणूस, उन्हात कशाला मरतोस. कंपनीला कागद लागतो. रोजच्या ट्रेनिंगचं रजिस्टर पूर्ण पाहिजे, विषय, तारीख, मजुरांच्या सह्या. तू कागद बघ. बाकी काम मुकादम बघून घेईल. टेबल दिलं, पंखा दिला, शाईचं पॅड दिलं. पांढरं हेल्मेटही परत दिलं, धुतलेलं.

आणि मी बसलो त्या पंख्याखाली. कोणी बांधून बसवलं नव्हतं. नोकरीची भीती होती, ती होतीच. पण पुन्हा कधी चारचौघांत कोणी माझं डोकं उघडं करू नये, ही भीती त्याहून मोठी होती. मान खाली घालून कागद लिहिला तर कोणी काही म्हणत नाही, हे मला फार लवकर कळलं. सकाळची दहा मिनिटं आधी पाच झाली, मग एक दिवसाआड, मग बंद. लाल रंगाचा डबा संपला. नवा मागायला मी अण्णांकडे गेलो नाही. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतला, त्यातली भोकं मुकादमानं साध्या प्लायनं झाकली. खिळे नाहीत, रंग नाही. मी एकदा वर गेलो तेव्हा बघितलं होतं. बघितलं आणि खाली आलो.

रजिस्टर मात्र एकदम फक्कड. विषयांची यादी छापील मिळते, तीच फिरवून फिरवून लिहायचो. ज्यांना सही येते त्यांच्या सह्या मी करायचो, तीन वेगवेगळ्या पेनांनी, हात वाकडा करून. ज्यांना येत नाही त्यांचा अंगठा. नाव लिहायचं, पुढे "नि.डा.हा.अं." लिहायचं, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि स्वतःचा डावा अंगठा पॅडवर दाबून उठवायचा. कधी सरळ, कधी तिरपा, कधी जरा पुसट. रोज एकोणीस अंगठे. मुकादमानं मला अंगठेवाल्यांची नावं एका चिठ्ठीवर दिली होती. त्यात सातवं नाव कडूबाईचं.

या अंगठ्याची लाज मला इतरांपेक्षा जास्त वाटायला हवी होती. बाप गेल्यावर आई रेशन दुकानात जायची, मी तिच्या पदराला धरून. दुकानदार तिला अंगठा लावू द्यायचा नाही. तिचा अंगठा स्वतःच्या चिमटीत धरायचा, पॅडवर दाबायचा, वहीवर दाबायचा, तिचा हात झटकून टाकायचा आणि मग स्वतःची बोटं फडक्याला पुसायचा. एक दिवस आई म्हणाली, "माझा अंगठा मला लावू द्या." तो म्हणाला, "तुला जागा कळती का?" रांगेतले लोक हसले. त्या संध्याकाळी आईनं माझी पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, शिकव. मी तिसरीत असेन. आईचं नाव उषा. पहिलं अक्षर उ. तिला तो उ तीन दिवस जमला नाही. पोट वळायचं तिथे वळायचं नाही. चौथ्या दिवशी जमला तेव्हा ती कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसती बघत बसली. पुढल्या महिन्यात रेशन दुकानात तिनं सही केली. पाच मिनिटं लागली. रांग ताटकळली. आईनं घाई केली नाही.

त्या बाईचा मी मुलगा. पदविका घेतलेला. दिवसाला एकोणीस अंगठे उठवत होतो.

एकदा जेवताना आईनं माझ्या डाव्या अंगठ्यावरची निळी शाई बघितली. विचारलं, "हे काय रे?" मी म्हणालो, पेन गळतंय. तिनं ताटात भाकरी वाढली आणि नवं पेन घे म्हणाली.

कडूबाई पडली त्या दुपारी मी ऑफिसात होतो. काय करत होतो, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशीचं पान आदल्या दिवशीच भरून ठेवत होतो. म्हणजे ती वरून खाली येत होती तेव्हा मी उद्याच्या तारखेला तिच्या नावासमोर अंगठा उठवत होतो. आवाज आला. सिमेंटची गोणी फेकल्यासारखा. मी मान वर केली, खरंच गोणी टाकली असेल म्हणून पुन्हा खाली घातली. मग बायांचा गलका ऐकू आला.

काय झालं ते तिच्याबरोबरच्या बाईनं नंतर सांगितलं. मुकादमानं सांगितलं होतं, वरच्या स्लॅबवर पडलेल्या प्लाय गोळा करा, खाली लागून राह्यल्या. दोघींनी तीन-चार प्लाय उचलून कडेला लावल्या. मग ती एक. साधी, तपकिरी. त्यांनी ती आडवी उचलली, उभी केली, आणि पुढच्या बाजूला कडूबाई. हातात प्लाय उभी, समोरचं दिसत नाही, पायाखालचं दिसत नाही. तिनं एक पाऊल पुढे टाकलं. प्लायनं झाकलेलं भोक आता उघडं होतं आणि तिचं पाऊल बरोबर त्यात. तिसऱ्या मजल्यावरून थेट गोदामाच्या जमिनीवर, कारण खालच्या दोन्ही मजल्यांवरच्या लाल प्लायही त्याच आठवड्यात कोणीतरी काढून नेल्या होत्या.

ती मेली नाही. कंबरेचा मणका मोडला. पाय गेले.

तिला जीपमध्ये घातलं तेव्हा मी डोक्याकडच्या बाजूला होतो. माझ्या हाताला तिचं रक्त लागलं आणि त्याच हाताच्या अंगठ्याला शाई होती. गाडी गेल्यावर मी ऑफिसात आलो. उद्याचं पान फाडलं. बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. इतका मी तयार झालो होतो.

अण्णांनी रजिस्टर उघडलं. त्या दिवशीचं पान बघून त्यांचा चेहराच उजळला. माझ्या छापील यादीतून त्या दिवशी नेमका विषय आला होता, "झाकलेली भोकं, प्लाय उचलण्यापूर्वी खाली बघणे." खाली सातव्या ओळीत कडूबाई आणि अंगठा. अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाचवलंस गड्या. सकाळी सांगितलं आणि दुपारी बाई पडली. आता चूक कोणाची?"

साइटवर दोन दिवसांत हेच सगळ्यांच्या तोंडी झालं. सकाळीच सांगितलं होतं म्हणे. कागदावर अंगठा आहे म्हणे. ज्या मजुरांना मी त्या सकाळी गोळाच केलं नव्हतं, तेसुद्धा एकमेकांना सांगायला लागले की सांगितलं असेल, आपण नसू तिथे. कडूबाईचा भाऊ जाफराबादहून आला होता. तोही बहिणीलाच बोलून गेला, डोळे झाकून चालतीस का म्हणून. मी हे सगळं ऐकत होतो. मूग गिळून बसलो होतो.

दहा-बारा दिवसांनी अण्णांनी मला तिच्याकडे पाठवलं. चौकशीला सरकारी अधिकारी येणार होते. अण्णा म्हणाले, फळं घेऊन जा, विचारपूस कर आणि तिच्या तोंडून एकदा येऊ दे की सांगितलं होतं. मोबाइल चालू ठेव. मी गेलो. सफरचंदं घेतली. दवाखान्याच्या जिन्यात थांबून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि वरच्या खिशात ठेवला.

मोठ्या सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. ती भिंतीकडच्या खाटेवर होती. मला बघून उठायला गेली. उठता येत नाही, हे तिचं अंग अजून विसरत होतं. "जयभीम सर," म्हणाली. या वेळी हळू आवाजात नाही.

मी स्टुलावर बसलो. कशा आहात वगैरे झालं. मग मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. विचारलं की, मावशी, प्लाय उचलायच्या आधी खाली बघायचं, हे सांगितलं होतं ना?



"लाल न्हवती सर ती," ती म्हणाली. "म्या बघितली व्हती उचलायच्या आधी. लाल असती तर हात लावला नसता." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काय दिसलं कोण जाणे, तिनं लगेच सावरून घेतलं. "पर तुमी सांगितलं असंल. बिगर लाल बी बघायची, असं सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई. कागदावर हाय म्हंत्यात ना, मंग खरंच असंल."

मी तिला नियम शिकवला होता. लाल म्हणजे मरण. तिनं तो शब्दाला शब्द पाळला होता. लाल नाही, म्हणजे मरण नाही, एवढा सरळ हिशेब तिनं केला. अर्धा नियम शिकवून मी पंख्याखाली जाऊन बसलो होतो. काहीच शिकवलं नसतं तर कदाचित ती प्रत्येक प्लायखाली वाकून बघती. आणि आता ती आडवी पडून मला सांभाळून घेत होती. आपला माणूस साहेब झालाय, त्याची चूक कशी असेल, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं म्हणायला तयार झाली होती.

तिनं डोळ्यांवर आलेला पदर सारला. डाव्या हातानं. त्या हाताला अंगठा नव्हता.

मी बघतच राहिलो. चार बोटं, आणि अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेलं जुनं मांस. तिच्या ते लक्षात आलं. सहज म्हणाली, "ते व्हय. लहानपणीचं हाय. कडबा कुट्टीच्या मशिनीत गेल्ता." हजेरीला ती उजवा अंगठा लावायची. मुकादमाच्या हजेरीवहीत रोज लागायचा. सगळ्या साइटला माहीत होतं. या हातांनी तिनं माझं हेल्मेट घासलं होतं, मला पाण्याचा तांब्या दिला होता, त्याच हातांनी मला जयभीम घातला होता. कित्येक महिने. आणि मी तिचे हात कधी बघितलेच नव्हते.

तिथे बसल्या बसल्या मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. रेशन दुकानदारानं आईचा अंगठा धरून दाबला, तो निदान आईचा तरी होता. मी कडूबाईला नसलेला अंगठा चिकटवला होता आणि त्यानंच तिला गुन्हेगार केलं होतं. जिन्यात आल्यावर मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. बराच वेळ तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना सांगितलं, "तिला डावा अंगठाच न्हाई."

अण्णा आधी गोंधळले. मग हसले. एवढंच ना, असं हसले.

"मंग 'डा' खोड आन 'उ' लिही. एका अक्षराचं काम हाय. अंगठ्यावर काय डावा-उजवा लिवलेलं असतंय का?"

त्यांनी स्वतःचं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं. सातवी ओळ. मला आईची पाटी आठवली. तीन दिवस न वळलेला तो उ आठवला, आणि चौथ्या दिवशी त्याच्याकडे बघत बसलेली आई. आईनं जे अक्षर मान वर करता यावी म्हणून कमावलं, ते मी आता दुसऱ्या बाईची मान खाली घालायला लिहिणार होतो. एवढा शिकलो होतो मी.

"न्हाई लिहिणार, अण्णा."

"काय?"

"न्हाई लिहिणार. ते अंगठे माझे हायेत. सगळे."

अण्णांनी पेन उचललं. आवाज चढवला नाही. म्हणाले, तुला खुर्ची दिली, पंखा दिला, डोक्यावर पांढरं ठेवलं. तुम्हा लोकांना काय दिलं तरी शेवटी जात दाखवता. मग पुढे झुकले. "एक ध्यानात ठेव. प्रत्येक पानाखाली तुझीच सही हाय. मी म्हणीन, मी ठेवला व्हता माणूस, त्यानं फसवलं. माझ्या आधी तू आत जाशील."

ते खरं बोलत होते. प्रत्येक पानाखाली माझी खरी सही होती, पदविकेसकट. एवढे दिवस मी नोकरी वाचवायला घाबरलो होतो, आता जेलचं नाव ऐकून घाम फुटला. पण त्या खोलीत पुन्हा एकदा हसायची माझ्यात ताकद उरली नव्हती, इतकंच. मी हेल्मेट काढलं. या वेळी कोणी काढ म्हणालं नव्हतं. टेबलावर ठेवलं, रजिस्टर काखेत मारलं. धुऊन घ्या, असं म्हणायचं मनात आलं होतं. म्हणालो नाही. तसं बोलायची लायकी त्या दिवशी माझी नव्हती.

मोटारसायकलवर रजिस्टर पोटाशी धरून मी थेट सरकारी कचेरीत गेलो. चौकशी अधिकाऱ्यांना सांगितलं, माझा जबाब घ्या. सगळं सांगितलं. दहा मिनिटांची ट्रेनिंग कधी बंद झाली, लाल रंगाचा डबा कधी संपला, साध्या प्लाय मी डोळ्यांनी बघून कसा खाली आलो, अण्णांनी काय सांगितलं, मी काय लिहिलं. फाडलेल्या पानाचंही सांगितलं. अधिकारी लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, तुम्ही ठेकेदाराविरुद्ध बोलताय ते ठीक, पण यात तुम्हीही आरोपी ठराल, कळतंय का?

मी म्हणालो, "कळतंय. लिहा."

जबाबाखाली मी सही केली. मग टेबलावरचं पॅड ओढून घेतलं आणि सहीशेजारी डावा अंगठा उठवला. रजिस्टरातल्या अंगठ्यांशी जुळवून बघा म्हणालो. त्यांनी वाचायचा चष्मा लावला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग रजिस्टर जप्त करून घेतलं.

घरी आईला सांगितलं. पेन गळत नव्हतं, इथपासून. आईनं मधे एकदाही अडवलं नाही. मी वाट बघत होतो की रागावेल, रडेल, काहीतरी करेल. ती उठली, चुलीपाशी गेली, परत आली आणि एवढंच विचारलं, "कडूबाईला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. सरकारला सांगितलं होतं. तिला नव्हतं. तिच्यासमोर उभं राहायला मला कचेरीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गेलो. फळं नेली नाहीत. स्टुलावर बसलो नाही. म्हणालो, मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी कोणालाच गोळा केलं नव्हतं. ती प्लाय लाल नव्हती, कारण मी लाल केली नव्हती. कागदावरचा अंगठा माझा आहे.

खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून तिनं मान थोडी वर उचलली आणि माझ्याकडे नीट बघितलं. सर म्हणाली नाही.

"मंग इतके दिस मला का म्हणू दिलं, माझीच चूक हाय म्हणून? माझा भाऊ बोलून गेला मला. म्या ऐकून घेतलं."

तिनं मान भिंतीकडे वळवली. मी निघालो. माझ्या पाठीमागून जयभीम आला नाही, आणि मी त्याची वाट बघणंही बरोबर नव्हतं.

तिचे पाय परत येणार नाहीत. डॉक्टरांनी तिच्या भावाला तसं सांगितलंय. अण्णांचं काम एक महिना बंद होतं, आता दुसऱ्या नावानं चालू आहे. माझ्या जागेवर दुसरा पोरगा बसतो, असं ऐकलं. मला कुठे काम मिळत नाही. मागायला जातो तिथे माझी गोष्ट आधीच पोचलेली असते. सकाळी मजूर अड्ड्यावर जातो. माणसं टेम्पोची वाट बघत उभी असतात, तेवढ्या वेळात जो ऐकेल त्याला सांगतो. प्लाय कुठल्याही रंगाची असो, आधी काठीनं ढकला, खाली बघा, मग उचला. लाल असो, नसो. काही ऐकतात, काही वेडा म्हणून हसतात. हसोत.

कोर्टाची तारीख लागली आहे. अण्णांच्या वकिलानं निरोप धाडला होता की जबाब फिरव, दडपणाखाली दिला म्हण, तुझं नाव निघेल. मी निरोप परत पाठवला. त्या दिवशी मी आरोपीच्या जागी उभा राहणार आहे. कडूबाईचा भाऊ समोर असेल, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलणार आहे. काय बोलायचं ते पाठ आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला डावा अंगठा नाही. तो अंगठा माझा आहे.